एक्कावन्नावं पान

बिराजदार गुरुजींनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि सरळ मधलं एक पान उघडलं. पहिलं नाही, शेवटचं नाही, मधलं. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून तसबिरीसमोरची उदबत्ती सरळ करत होतो, तरी मला कळलं त्यांनी कोणतं पान उघडलं ते. एक्कावन्नावं. मिलच्या वाचनालयात बावीस वर्षं आलेला माणूस, त्याची बोटं दुसरीकडं जातील कशाला? त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "चन्नप्पा, हे काय हो?" मी म्हणालो, "शिक्का. आपल्या दुकानाचा. हेमावती पुस्तक भांडार." देवाशप्पथ सांगतो, मला अजून काही कळलंच नव्हतं. उलट बरं वाटलं, की बघा, जाणकार माणूस, नेमकं पान काढलं. गुरुजींनी दुसरं पुस्तक घेतलं, एक्कावन्नावं पान. तिसरं घेतलं. मग अगदी वाचनालयात बोलावं तसं हळू म्हणाले, "सगळ्यांवर मारलाय?" समोर खुर्चीत माझी मुलगी हेमा सुतळीचा गुंडा सोडवत बसली होती. तिचे हात थांबले. दसऱ्याला दुकान उघडलं होतं आणि आज तिसरा दिवस होता.

आता एक्कावन्नाव्या पानाचं बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. मी मिलच्या वाचनालयात एकतीस वर्षं कारकून होतो. नवीन पुस्तक आलं की आधी ते अलगद उघडायचं, पुढची चार पानं, मागची चार पानं, असं करत मध्यापर्यंत यायचं, म्हणजे शिवण मोडत नाही. मग नोंदवहीत नोंद, अंगावर नंबर, आणि शिक्के तीन. एक पहिल्या पानावर, एक शेवटच्या, आणि एक एक्कावन्नाव्या. हे गुप्त पान. चोर पुढचं-मागचं पान फाडील, पण मधल्या शिक्क्याचं त्याला ठाऊक नसतं. पुस्तक छोटं असेल तर एकविसावं. कुठलं गुप्त आणि कसलं काय, एकतीस वर्षांत सगळ्या मिलला ते माहीत झालं होतं. सांचेखात्यात, मागांवर, कुणाची छत्री हरवली तरी लोक म्हणायचे, एक्कावन्नावं पान बघा. माझा उजवा अंगठा कायम जांभळा. माझी बायको शरणम्मा ताट वाढताना म्हणायची, आधी तो अंगठा धुवा, मग भाकरीला हात लावा. ती गेली, अंगठा तसाच राहिला. दोन वर्षांपूर्वी मिलनं वाचनालय बंद केलं, कॅन्टीनला जागा पाहिजे म्हणून. नऊ हजार पुस्तकं रद्दीच्या काट्यावर गेली. हमाल पाटीनं उचलून पुस्तकं ओतत होते आणि मी दारात उभा होतो. त्या सगळ्या दिवसात माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, जरा हळू टाका. तेही हमालाला ऐकू गेलं नसावं.

मी असाच आहे. डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी लावून ज्यानं हयात काढली त्याचा आवाज कुठून निघणार? हेमाला अक्कलकोटला दिली तेव्हा ती मॅट्रिक झाली होती, वाचनालयातली कपाटंच्या कपाटं वाचून संपवली होती. शरणम्मा म्हणाली होती, अवो, त्या घरात वर्तमानपत्रसुद्धा भुसार बांधायला घेत्यात, पोरीचा जीव घुसमटंल. मी म्हणालो, बघू. आठ वर्षांनी हेमा एक ट्रंक घेऊन परत आली. तिच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती, कुडी ओरबाडून काढल्यासारखी. मी बघितलं. विचारलं नाही. वाटलं, सांगेल तिची ती. तीही वाट बघत असणार, की विचारतील हे. अशी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत तिनं एक ओळ वाचली नाही. भाकऱ्या थापायची, अंगण झाडायची, दुपारी भिंतीकडं तोंड करून पडायची. तिच्या नवऱ्यानं, ईश्वरप्पानं, दुसरी बाई आणली असं कळलं. मग कळलं की त्याच्या आईला अर्धांगवायू झालाय, दुसरी काही तिचं हागमूत काढायला तयार नाही, ती गेली माहेरी निघून. आणि मग श्रावणात हेमाचा दीर गुरप्पा चार माणसं घेऊन आमच्या मठात आला, वैनीला नांदायला पाठवा म्हणून.

मठातली वडीलधारी मंडळी काही वाईट नव्हती. त्यांनी आपलं नेहमीचंच विचारलं. नवरा जिता हाय, बोलावतोय, मग पोरगी हितं कशावर बसणार? म्हातारा बाप आज हाय, उद्या न्हाई. हेमा दाराआड उभी होती ती पुढं आली आणि म्हणाली, "मी माझं पोट भरीन. पण तितं जाणार न्हाई." गुरप्पानं विचारलं, "कशानं भरणार, वैनी?" तिनं माझ्याकडं बघितलं. आणि मी बोललो. मी! माझ्या कानांना माझाच आवाज परका वाटला. म्हणालो, "पुस्तकाचं दुकान काढतो. तिच्या नावानं." जमलेली माणसं हसली. आमची गल्ली म्हणजे चादरीच्या मागांची, या टोकापासून त्या टोकापर्यंत खटखट, जागा राहिली तर बिड्या वळणाऱ्या बाया. हितं पुस्तक कोण घेतंय? पण मठाच्या थोरल्या अय्यांनी हात वर केला. म्हणाले, दसऱ्याला काढा, संक्रांतीपर्यंत बघू. दुकान पायावर उभं राहिलं तर पोरीला कुणी बोलवायचं न्हाई, न्हाईतर जत्रा झाली की तिनं नांदायला जायचं. दोन्हीकडच्यांनी भंडाऱ्याला हात लावून शपथ घेतली. घरी येताना हेमा माझ्यापुढं चार पावलं चालत होती, अचानक थांबली आणि म्हणाली, "अप्पा, लई बोलला आज." दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या ओठाला हसू बघितलं मी.

पुण्याच्या प्रकाशकानं तीनशे बारा पुस्तकं पाठवली. बोली अशी, की संक्रांतीपर्यंत विकतील तेवढी विका, उरलेली जशीच्या तशी परत करा. दोन मोठी खोकी टांग्यातून उतरवली तेव्हा मला शरणम्मा गेल्यापासून झाला नव्हता इतका आनंद झाला होता. नव्या पुस्तकाचा वास, बापरे! दसऱ्याआधीचे आठ दिवस, दुपारी हेमा आत पडलेली असायची, तेव्हा मी पुढच्या खोलीत चटईवर बसायचो आणि एकेक पुस्तक उघडायचो, पुढची चार पानं, मागची चार पानं. दुकानाच्या नावाचा गोल शिक्का पावत्यांसाठी करून आणला होता. तो शाईच्या गादीवर टेकवायचा, एकदा रद्दी कागदावर उमटवून बघायचा, मग पहिलं पान, एक्कावन्नावं पान, शेवटचं पान. चुकून मारला, भ्रमात मारला, असं मी म्हणणार नाही. समजून-उमजून मारला. बिनशिक्क्याचं पुस्तक कपाटात ठेवायचं ही गोष्ट मला उघड्या अंगानं पोर उन्हात सोडण्यासारखी वाटत होती. विकायचं पुस्तक हे दुसऱ्याचं व्हायचं असतं, त्याच्या पोटात आपलं नाव ठेवायचं नसतं, हे एखाद्या पोरालाही कळलं असतं. मला नाही कळलं. आणि खरं सांगू का? मला वाटतं, ती जाऊ नयेत असंच माझ्या हाताला वाटत होतं.

गुरुजी साठ पुस्तकं घ्यायला आले होते, शाळेच्या बक्षीस समारंभासाठी. हेमानं यादी आधीच करून ठेवली होती, पोरांच्या इयत्तेप्रमाणं गठ्ठे बांधायला घेतले होते. गुरुजी फार वरमले. म्हणाले, "शाळेला चालणार नाहीत हो ही. तपासणीला आलेला माणूस विचारेल, जुनी कुठून उचलली? नव्या पुस्तकाच्या पोटात कुठला दुकानदार शिक्का मारतो, चन्नप्पा?" मग वातावरण हलकं करावं म्हणून हसून म्हणाले, "की मिलचीच आणून ठेवलीत?" चांगला माणूस, थट्टेनंच म्हणाला. पण दारात मागावरची दोन माणसं पाट्या-पेन्सिली घ्यायला उभी होती, त्यांनी ऐकलं. ती हसली नाहीत. एकानं दुसऱ्याकडं बघितलं तेवढं. गुरुजींनी जाताना एक छोटं पुस्तक विकत घेतलं, शिक्क्यासकट, माझ्या तोंडाकडं बघून. ते मला जास्त लागलं. हेमानं बांधलेले गठ्ठे एकेक करून सोडले आणि सुतळी परत गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरून आलो तर ती चटईवर बसली होती. हातात अर्धं ब्लेड, पुढ्यात पुस्तक, आणि एक्कावन्नाव्या पानावरची शाई ती खरवडत होती. आधी खोडरबर करून बघितलं होतं, मग ओल्या चुन्याचं बोट, मग लिंबू. जांभळ्याचा निळा झाला होता, कागद फुगला होता, पण शिक्का होता तिथंच. शाई मीच निवडून आणली होती, पन्नास वर्षं न जाणारी. मी उंबऱ्यात उभा राहून बघत राहिलो. तिचे खांदे हलत होते, वाटलं रडतेय, पण ती रडत नव्हती, जोर लावत होती. मग कागद फाटला. तिनं ब्लेड खाली ठेवलं आणि मान वर न करता म्हणाली, "अप्पा, हे काय केलात हो तुमी?" मी म्हणालो, "माझ्या ध्यानात न्हाई आलं, बाळ." ती म्हणाली, "मी तितं कशी ऱ्हायले तुमाला ठाव हाय का?" मग तिनंच उत्तर दिलं, "न्हाई. तुमी कदी विचारलंच न्हाई." एवढंच बोलली. मला आत कुठं तरी कळलं की हीच वेळ आहे, आता चटईवर जाऊन बसावं, विचारावं. पाय उचलेना. मी म्हणालो, "चहा करू का?" अरे चन्नप्पा, चन्नप्पा! चहा!

गल्लीत बोलणं पसरायला दोन दिवस लागले. चन्नप्पानं मिलची पुस्तकं घरात लपवून ठिवली हुती, आता पोरीच्या नावानं विकतोय. कुणी तोंडावर बोललं नाही. लोक दुकानात यायचे, पुस्तक उचलायचे, एक्कावन्नावं पान काढायचे, शिक्का वाचायचे आणि पुस्तक ठेवून पाटी-पेन्सिल घेऊन जायचे. शिक्क्यावर नाव हेमाचं आहे हे डोळ्यांनी दिसत असूनही. वाचून काय उपयोग? पान तेच होतं ना. माझी एकतीस वर्षांची अब्रू त्या पानावर होती आणि त्याच पानावरून गेली. मी रद्दीतलं एक चिटोरंसुद्धा घरी आणलं नव्हतं हो. आणलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं. नऊ हजारांतली दोनशे तरी वाचली असती, आणि चोर म्हणवून घ्यायला कारण तरी झालं असतं.

पण त्याच दिवसांत एक गोष्ट घडली, ती मला सांगायलाच पाहिजे. समोरच्या पद्मशाल्याच्या, तेलुगू विणकराच्या, घरातली अंबुबाई दुपारी बिड्यांचं सूप घेऊन आमच्या ओट्यावर बसायची, सावली असते म्हणून. तिला वाचता येत नव्हतं, मराठीसुद्धा तेलुगूच्या अंगानं बोलायची. एक दिवस म्हणाली, "हेमक्का, इतके पुस्तकं हाय, एक तर सांग की काय लिव्हलंय ते." हेमा नको-नको म्हणाली. मग तिनं तेच फाटक्या पानाचं पुस्तक घेतलं, कारण ते तर आता कुणी घेणारच नव्हतं, आणि वाचायला लागली. सुरुवातीला आवाज घोगरा, अडखळत. मी आत पाणी पीत होतो, तांब्या तसाच हातात राहिला. दोन पानांनी आवाज सुटला. एका ठिकाणी सासरा गाढवावर उलटा बसतो असं काही तरी होतं, तिथं अंबुबाई खदखदून हसली, आणि हेमाही हसली. मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि रडलो. आठ दिवसांत ओट्यावर नऊ बायका सुपं घेऊन बसायला लागल्या. हात पानं कापतायत, तंबाखू भरतायत, दोरा गुंडाळतायत, आणि हेमा वाचतेय. मागांच्या खटखटाटावर आवाज चढवून वाचायची. एवढा आवाज तिच्या अंगात कुठून आला, मला नवल वाटायचं. माझ्याकडून तर तो नक्कीच आला नव्हता.

मार्गशीर्षात तीच म्हणाली, "अप्पा, विकायचं सोडा. वाचनालयच काढू. बायका महिन्याची वर्गणी द्याला तयार हायत. कुणी वाचून दाखवायला घेतील, कुणाच्या घरात पोरं वाचतील. शिक्का तर हायच की मारलेला." तिच्या डोळ्यांत चमक होती. कुठलाही बाप असता तर म्हणाला असता, काढ. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "पुस्तकं आपली न्हाईत, हेमा. पुण्याची हायत. विकत घेतल्याबिगर लोकांस्नी वापरायला कशी द्यायची? ते नियमात बसत न्हाई." ती म्हणाली, "आपली नव्हती, तर शिक्का कसा मारलात?" पुण्याला एक पत्र टाकून विचारलं असतं, थोडी थोडी करून विकत घेतो म्हणालो असतो, तर ते काय मला खाणार होते? ती म्हणाली, मी लिहू का पत्र? मी म्हणालो, बघू. आणि हा 'बघू' तिला लहानपणापासून ठाऊक होता. तिनं परत विचारलं नाही. ओट्यावरचं वाचन चालू राहिलं, पण आवाज बसत गेला, आणि पौष लागला तेव्हा तिला खोकला झालाय म्हणून तेही बंद झालं. खोकला मला तरी कधी ऐकू आला नाही.

संक्रांतीचा आठवडा. गड्ड्याच्या मैदानावर जत्रा भरली, नंदीध्वज निघाले, सगळं गाव तिकडं लोटलं. दुकानात तीनशे दोन पुस्तकं होती. गुरप्पा जत्रेला आला तो तिसऱ्या दिवशी घरी आला. दुकानात उभा राहिला, कपाटांकडं बघितलं, टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, "मामा, वाईट वाटतंय मला. पण शब्द तो शब्द." त्याला काय बोलणार? ओरडला असता, भांडला असता, तर मला कदाचित राग तरी आला असता. हेमानं आतून त्याला तिळाची पोळी आणून दिली. ट्रंक भरलेली होती. कधी भरली मला माहीत नाही. मी म्हणालो, "एखादं पुस्तक ने बरोबर." ती म्हणाली, "तितं नको. राहू द्या."

स्टँडवर गर्दी होती, जत्रेहून परतणारी माणसं, फुगे, पिपाण्या, चुरमुऱ्यांच्या पिशव्या. गुरप्पानं ट्रंक टपावर चढवली, खिडकीजवळची जागा धरली, हेमाला चहा आणून दिला, मलाही दिला. अक्कलकोट काही लांब नाही, तासा-दीड तासाची वाट. हेच मी मनाशी घोळवत होतो, लांब नाही, लांब नाही. आणि त्याच्या खाली दुसरं एक वाक्य सकाळपासून तयार होतं. दाढी करताना तयार होतं, ट्रंकेचा कडीकोयंडा बघताना तयार होतं. कसला भंडारा आणि कसला शब्द? ती माझी मुलगी आहे. माझं घर आहे, माझी भाकरी आहे, अर्धी तिची आहे. मठात बसून चार माणसांपुढं जे बोलता आलं ते इथं का येऊ नये? चहाचा पेला मी तसाच धरून उभा राहिलो. हेमानं खिडकीच्या गजावर हात ठेवला. म्हणाली, "भाकरी दुरडीत झाकून ठिवलीय. गार पाण्यानं अंघोळ करू नका, छातीत भरतंय तुमच्या." मी मान हलवली. मग ती थोडं वाकून, गुरप्पाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "तुमच्यामुळं न्हवं हं, अप्पा. मीच जातीय." खोटं बोलत होती. मला सोडवत होती. आणि मी स्वतःला सोडवून घेतलं. म्हणालो, "बरं."

ती माझ्याकडं बघत होती. कंडक्टर आत चढला तरी बघत होती. घंटी वाजली, गाडी मागं सरली, माणसं बाजूला झाली, गाडी वळली आणि फाटकातून बाहेर पडली. धुरळा उठला, तो खाली बसायला वेळ लागला. मग मी बोललो. सबंध जन्मात कधी बोललो नसेन एवढ्या मोठ्यानं बोललो. "हेमा, उतर. खाली उतर, घरी चल." बाकावर गाठोडं घेऊन एक म्हातारी बसली होती, तिनं दचकून माझ्याकडं बघितलं, मग फाटकाकडं बघितलं.

"गाडी गेली की, बाबा," ती म्हणाली.